उरलेल्या वेळातली पीएच.डी.

(सल्ला विचारणाऱ्या एका वाचक बाईच्या पत्राचा गोषवारा, आणि खाली माझं उत्तर. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत.)

वय 33. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. 2023 मध्ये पीएच.डी.ची नोंदणी झाली. नवरे पोटापाण्यासाठी परराज्यात आणि आपण गावात, अशा बायकांवर तिचं संशोधन आहे. मुलगी 5 वर्षांची, मुलगा 14 महिन्यांचा. नवरा बँकेत, सासूबाई घरात. ठरवलेल्या 40 मुलाखतींपैकी 31 झाल्या, त्यातल्या 11 कागदावर उतरल्या, प्रकरण अजून एकही लिहून झालेलं नाही. गेल्या प्रगती अहवालाच्या वेळी गाईड सर म्हणाले, "पोरंबाळं सांभाळत पीएच.डी. होत नसते, मी आधीच सांगितलं होतं." सासूबाई म्हणतात, "पोरं जरा मोठी होऊ देत, मग कर काय करायचं ते." त्यात मुलीनं शाळेत 'माझे कुटुंब' चित्र काढलं. आजी गॅसपाशी, बाबा सोफ्यावर मोबाइल घेऊन, बाळ सतरंजीवर, आणि कोपऱ्यात लॅपटॉपसमोर पाठमोरी आई. ते बघून ही रात्रभर रडली. विचारते : "सोडून देऊ, की दोन वर्षं थांबवू? तीन वर्षं तर संपलीच. मी स्वार्थी आहे का?" आणि ताजा कलम : "दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आठ दिवस माहेरी ठेवलं तर बरं दिसेल का?"

तुला 'तू' म्हणते. 31 वर्षं शिकवलं, माझ्या पहिल्या तुकड्यांतल्या मुली आता तुझ्याहून मोठ्या आहेत, तेव्हा चालावं.

आधी त्या चित्राचं बोलू, कारण तुझं सगळं पत्र त्यातूनच निघालंय. त्या चित्रात बाबांच्या हातात मोबाइल आहे. त्यावरून घरात कोण रडलं? पोरीनं दोघांचीही पाठ किंवा बगल जशी दिसली तशी काढली, आणि शिक्षा फक्त तू स्वतःला केलीस. पाच वर्षांचं पोर निकाल देत नाही गं, दिसतं ते काढतं. आई पाठमोरी दिसते हे मात्र खरं असेल, तर टेबल फिरवून घे, तोंड खोलीकडे येईल असं. मी गंमत करत नाहीये. आणि तिला एकदा विचार, "आई काय करतेय चित्रात?" तू विचारलंच नाहीस, असं पत्रावरून दिसतंय.

माझी गोष्ट सांगते, तिच्यातून धडा वगैरे काढू नकोस. मी प्रबंध लिहिला तेव्हा संगणक घरात नव्हता. संदर्भ पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर लिहून बुटांच्या खोक्यात ठेवायचे. एका रविवारी माझ्या मुलीनं त्या कार्डांची तिकिटं केली आणि वाड्यातल्या पोरांना ओळीनं बसवून एसटी-एसटी खेळली. कंडक्टर ती. बरीचशी तिकिटं परत मिळाली, पण तीन कार्डं पुढच्या स्टॉपला उतरली ती उतरलीच. त्यातला एक संदर्भ मला प्रबंधातून गाळावा लागला. तेव्हा मी तिला एक धपाटा घातला होता, त्याचं आजही वाईट वाटतं. गाळलेल्या संदर्भाचं कुणालाच काही वाटलं नाही, परीक्षकांनाही नाही.

अशा वेळी लोक थोर बायकांची उदाहरणं देतात. तुलाही कुणीतरी देईल. तेव्हा लक्षात ठेव, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे बर्लिनहून 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या आणि त्यांची तिन्ही मुलं त्यानंतरची. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची केंब्रिजची पीएच.डी. 1939 ची आणि लग्न 1947 चं. त्यांची वाट सोपी होती असं कोण म्हणेल? कमलाबाईंना तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता. पण अंगावर पिणारं मूल आणि उतरवायच्या मुलाखती ही अडचण त्यांच्या वाट्याला प्रबंधाच्या काळात आली नव्हती. त्यामुळे त्यांच्याशी तुलना करून कुणी तुला लाजवत असेल, तर ते उदाहरणच चुकीचं आहे.

आता मुद्द्याचं. तुझं एक वाक्य मी तीनदा वाचलं : "सगळं आवरून उरलेल्या वेळात मी पीएच.डी. करते." बाई, उरलेल्या वेळात लोणचंसुद्धा होत नाही. कैरी आली की बाकीची कामं बाजूला सारून बसावंच लागतं, नाहीतर कैरी पिकते. तुझा वेळ उरतो तो रात्री साडेदहाला, तोही बाळ झोपलं तर. त्या वेळी माणसाचं डोकं भाजीचे देठ मोडायच्या लायकीचं असतं. त्यात तू 31 बायकांच्या आयुष्याचा अर्थ लावायला बसतेस, पेंगतेस आणि मग म्हणतेस, माझ्यात कुवत नाही. कुवतीचा प्रश्नच नाही. घरातल्या सगळ्यांच्या वेळेला नाव आहे : मिस्टरांची बँक, मुलीची शाळा, सासूबाईंचा हरिपाठ, बाळाची झोप. तुझ्या अभ्यासाच्या वेळेला नाव नाही, म्हणून ती कुणीही उचलतं. आणि पहिली उचलतेस तू स्वतः.

पत्रात 'सपोर्ट' हा शब्द चारदा आलाय. "मिस्टरांचा खूप सपोर्ट आहे", "त्यांनी कधी नाही म्हटलं नाही." पण ते नक्की करतात काय, हे एकदाही लिहिलं नाहीस. नाही न म्हणणं म्हणजे परवानगी झाली. परवानगीनं बाळाचं लंगोट बदललं जात नाही. तुझे मिस्टर वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, बहुधा बरेच चांगले असतील. त्यांना कुणी नेमकं काही मागितलेलंच नसेल.

तू समाजशास्त्राची, 2024 चं राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षण तुझ्या वाचनात असेलच. बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, पुरुष 88. त्यातली मेख अशी की ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. जे इकडची काडी तिकडे करत नाहीत ते पुरुष त्या 88 मध्ये धरलेलेच नाहीत. आणि मुलाबाळांचं करणं तर यात नाहीच, ते वेगळं मोजतात. तू मुलाखतीत त्या बायकांना विचारत असशील ना, पहाटे किती वाजता उठता, पाणी कोण भरतं, दुपारी पाठ टेकते का? तीच प्रश्नावली एक आठवडा स्वतःला लाव, आणि एक प्रत मिस्टरांना दे. आठवड्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून चहा प्या. तू काही बोलायची गरज पडणार नाही, किंवा अगदी थोडी पडेल.

मग मागायचं ते नेमकं माग. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. ते दोन शनिवार, सकाळी आठ ते चार, तुझे. मुलं बापाकडे. 'मी बघतो थोडा वेळ' हे उत्तर घ्यायचं नाही. खाणं, शी-शू, झोप, पडलं-झडलं सगळं त्यांच्याकडे, आणि तुला फोन करायचा नाही. पहिल्या शनिवारी बाळ रडेल, वरण करपेल, सासूबाई हळहळतील. चौथ्या शनिवारपर्यंत बाळाला बापाच्या हातची खिमट गोड लागायला लागते. मी हे तीन घरांत घडताना पाहिलंय, एका घरात घडलं नाही हेही सांगते.

आणि त्या शनिवारी तू घरात थांबू नकोस. बंद दारामागे आई आहे हे बाळाला वासानंच कळतं. तुमच्या गावात स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींनी भरलेली अभ्यासिका असणारच, एकही तालुका आता तिच्याशिवाय राहिलेला नाही. महिन्याची फी भर आणि डबा घेऊन जाऊन बस. पोलीस भरतीच्या पोरांमध्ये तू एकटीच तिशी ओलांडलेली असशील, पहिले दोन दिवस बघतील, मग कुणी बघत नाही. फी भरल्याचा एक फायदा असतो : घरातल्या हिशेबाच्या वहीत तुझ्या अभ्यासाची एक ओळ येते.

कामाचंही दोन ढिगांत वाटप कर. एक तुकड्यांचं काम : मुलाखती ऐकून उतरवणं, संदर्भ झोटेरोत भरणं (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, एक दुपार शिकायला लागते), तक्ते, परिशिष्टं. हे मधेच सोडून उठलं तरी बिघडत नाही; बाळाच्या दुपारच्या झोपेत, दोन तासांच्या मधल्या रिकाम्या तासिकेत, रात्रीसुद्धा होतं. दुसरं सलग काम : या बायका मला काय सांगतायत याचा विचार करणं आणि तो लिहिणं. त्याला किमान अडीच-तीन तासांची बैठक लागते, पहिला तास तर मागचं आठवण्यातच जातो. तुझी चूक अशी होतेय, की सलग वेळ मिळाला की अपराधी वाटून तू 'आधी मुलाखती संपवू' म्हणत तुकड्यांचं काम काढतेस, आणि रात्री पेंगत प्रकरण लिहायला घेतेस. उलटं कर. आणि 40 मुलाखती हव्यातच का, हेही सरांना एकदा विचार. 31 मध्ये नवीन काही सापडायचं थांबलं असेल, तर उरलेल्या नऊसाठी एसटीनं किती हिंडायचं?

'तीन वर्षं तर संपलीच' हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? तीन वर्षं ही किमान मुदत आहे, कमाल नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे कमाल मुदत सहा वर्षं. त्यापुढे पुनर्नोंदणी करून दोन वर्षांची वाढ मिळू शकते, आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सगळं धरून दहाच्या पलीकडे जाता येत नाही. तुझी नोंदणी 2023 ची, म्हणजे साधी सहा वर्षंसुद्धा 2029 मध्ये पुरी होतात. दहा वर्षांचा आकडा मात्र भिंतीवर चिकटवू नकोस. तो अडीअडचणीसाठी आहे, नाहीतर तुझी मुलगी सातवीला आणि तू अजून सिनॉप्सिसला (प्रबंधाआधी द्यायच्या गोषवाऱ्याला) अशी वेळ येईल.

त्याच नियमावलीत स्त्री संशोधकाला पूर्ण पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देण्याची तरतूद आहे. तू बाळ सव्वा महिन्याचं असताना टाके दुखत असताना अहवाल सादर करायला गेलीस, असं लिहिलंयस. ते वाचून मला तुझा नाही, तुझ्या भोवतीच्या शहाण्यांचा राग आला. एकानंही ही रजा सांगितली नाही? ती आपोआप लागत नाही. लेखी अर्ज करावा लागतो, गाईडची सही, मग संशोधन केंद्र आणि विद्यापीठ, आणि प्रत्येक विद्यापीठाचा कागदांचा खाक्या वेगळा. पीएच.डी. विभागात जाऊन नमुना अर्ज माग आणि अर्जाच्या पोचीवर शिक्का घे. शिक्क्याशिवाय बाहेर पडू नकोस. (या तरतुदीत बापांसाठी एक दिवसही नाही. बायकोच्या बाळंतपणात प्रबंध लिहिणाऱ्या पुरुष वाचकांचीही पत्रं मला येतात, त्यांच्याकडे गाईडच्या चांगुलपणाखेरीज काही नाही.)

म्हणून 'थांबवू का' याला माझं उत्तर असं. नुसतं थांबवणं म्हणजे सोडणंच, फक्त ते दोन वर्षांनी कळतं. अहवाल चुकतात, सर दुसऱ्या विद्यार्थ्यांत गुंततात, आणि मुलाखतींचा वास उडून जातो. ध्वनिमुद्रण राहतं, पण ती बाई हे बोलताना दाराकडे का बघत होती हे विसरायला होतं. थांबायचंच असेल तर रजा टाकून थांब, तारीख लिहून थांब. आणि त्याआधी उतरवायच्या राहिलेल्या 20 मुलाखतींवर निदान एकेक पानाचं टिपण करून ठेव : घर कसं होतं, कोण मधेमधे बोलत होतं, काय सांगायचं टाळलं. परत आलीस की तेच पान हाताला धरून आत नेईल.

सोडण्याचं काय? सोडणं हा गुन्हा नाही, आणि ते मी तुला मोकळेपणानं सांगते कारण तसं सांगणारं तुझ्या आसपास कुणी दिसत नाही. पण आधी स्वतःला विचार, ही पदवी तुला कशाला हवी? सहायक प्राध्यापकाच्या नोकरीसाठी असेल, तर 1 जुलै 2023 पासून थेट भरतीला किमान अट नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. निवडीच्या वेळी तिचं वजन पडतं, पण दार सेटनंही उघडतं. तू सेट झालीस की नाही हे पत्रात नाही. झाली नसशील, तर रजेच्या काळात सेटचा अभ्यास जास्त शहाणपणाचा आहे. तो तुकड्या-तुकड्यांत होतो, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला दर जूनमध्ये काळजात जी धडधड होते ती निदान एका बाजूनं कमी होते. पण तू एक ओळ अशी लिहिलीयस, की एका म्हातारीनं तुला सांगितलं, "नवरा वर्षातून पंधरा दिवस येतो, तो पाहुणा, घर माझं." आणि ते ऐकून तू परतीच्या एसटीत झोपू शकली नाहीस. नोकरीसाठी पीएच.डी. करणारी माणसं असल्या वाक्यासाठी झोप घालवत नाहीत. त्यामुळे मला वाटतं तू सोडू नयेस. हे माझं वाटणं, ठरवायचं तू.

गाईड सरांकडे जाताना माफीचा चेहरा घेऊन जाऊ नकोस. एक कागद घेऊन जा : कुठल्या महिन्यात काय, पहिलं प्रकरण कधी, रजा हवी असल्यास केव्हापासून. भेट झाली की त्याच दिवशी दोन ओळींची मेल, 'सर, आज असं ठरलं.' संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडायची असते, तिथेही हाच कागद. सर कडवट बोलले, ते बोलायला नको होतं. पण त्यांना तीन वर्षांत एकही पान वाचायला मिळालेलं नाही, हेही आहे. पाच पानं दे आणि मग कसे बोलतात ते बघ. तरीही सूर तोच राहिला, तर गाईड बदलता येतो. पण तो मार्ग लांबचा, लहान गावात तर त्याची कुजबुज आपल्या आधी पोचते. तो शेवटी ठेव.

सासूबाईंचं मला थोडं निराळं दिसतं. गुडघे धरलेल्या बाईला या वयात पुन्हा बाळ कडेवर घ्यावं लागतंय, तेही विनापगारी, आणि राजीनामा द्यायची सोय नाही. "पोरं मोठी होऊ देत" याचा एक अर्थ "मी दमले" असाही असू शकतो. त्यांना त्रास होतोय हे तू त्यांच्यासमोर बोलून दाखवलंयस का कधी? दिवसातले चार तास बाळ पाळणाघरात ठेवता आलं तर बघ, पहिला आठवडा त्यांना सोबत घेऊन जा. लोक म्हणतील, घरात आजी असताना पाळणाघर! म्हणू देत. तुझं तासिकेचं मानधन त्यातच जाईल हा हिशेब तू मांडशीलच, आणि तो मांडताना पाळणाघर फक्त तुझ्याच मानधनातून वजा करशील. मुलं दोघांची आहेत, दोघांच्या पगारातून वजा कर.

ज्यांच्या घरात सासू नाही, नवरा परगावी आहे किंवा नाहीच, अशा वाचकांना यातलं निम्मंच लागू पडेल. त्यांनी शेजारपाजारची एक जोडीदारीण शोधावी, तीही काहीतरी लिहीत किंवा परीक्षा देत असेल अशी : एक रविवार तिची मुलं तुमच्याकडे, एक रविवार तुमची तिच्याकडे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे रसायनं नि जिवाणू तुमच्या मुलाचा ताप उतरायची वाट बघत नाहीत. दिवस गेल्याचं गाईडला लवकर सांगा, लपवून रसायनं हाताळू नका. आणि लग्नामुळे किंवा इतर कारणानं गाव बदलावं लागलं, तर स्त्री संशोधकाला आपलं काम दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोय याच नियमावलीत आहे. काम एखाद्या निधी मिळालेल्या प्रकल्पाचा भाग असेल तर मात्र ती नाही. मूळ गाईडला आणि संस्थेला श्रेय द्यावं लागतं, ते द्यावंच.

स्वार्थी आहेस का? हा प्रश्न तुझ्या मुलाखतीतल्या कुठल्या बाईनं तुला विचारला असता, तर तू काय लिहून घेतलं असतंस?

दिवाळीचं : बरं दिसेल. आठ दिवस आजोळी राहिल्यानं कुठल्याही पोराचं काही बिघडलेलं नाही, किल्ला करायला मामा असेल तर सोन्याहून पिवळं. बाळ अजून पीत असेल तर त्याला जवळ ठेव आणि फक्त मुलीला पाठव, ओढाताण करू नकोस. तिला रोज संध्याकाळी एक फोन, पाच मिनिटांचा, व्हिडिओ नको, व्हिडिओवर दोघी रडता. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या दिवशी घर शांत झालं की तू माळा आवरायला काढशील. काढू नकोस. सकाळी आठला अभ्यासिकेत जा, ती म्हातारी जे म्हणाली ते वाक्य पानाच्या वर लिही आणि त्याखाली लिहायला लाग.